गाडीच्या तळाला भोक

मांडवीत बातमी अशी आहे की आनंदा सुताराला भ्रम झाला. पुरावा काय, तर भर दुपारी चांगल्या चालत्या गाडीखाली उताणा पडून त्याने स्वतःच्या हाताने तिच्या तळाला भोकं पाडली. बातमी नळावरून निघाली तेव्हा भोक एकच होतं. बंदरावर पोचेपर्यंत गाडीची चाळण झाली. आणि भागूबाई ती घेऊन आमच्या पडवीत आली, तेव्हा बातमीत त्याची बायको कमळाकाकीसुद्धा शिरली होती. भागूबाई प्रत्येक वाक्य श्वास आत ओढत बोलते, तोंडात गरम भजी धरल्यासारखं. "बायकोशी वाजलं गो त्याचं... तिच्या बसायच्या जागेखालीच पाडलान भोक... पडंल तर पडू दे म्हणाला."

मी तिथे हजर होते म्हणून सांगते. भोकं दोन. पाडली ती आनंदाकाकांनीच. पण वाजलं-बिजलं काही नव्हतं. कमळाकाकी शेजारी स्टुलावर बसून "जरा इकडं घ्या, तिकडं चाक हाय" असं सांगत होती, आणि काकांच्या डोळ्यांना पाणी होतं ते लोखंडाच्या किसामुळे, असं काका म्हणतात.

आनंदाकाका आमच्या कुंपणापलीकडे राहतात. धंदा होड्यांच्या सुताराचा. मांडवीपासून मिरकरवाड्यापर्यंत ज्या होड्या तरंगतात त्यांतल्या बऱ्याच त्यांच्या हाताखालून गेल्यात. फळी फळीला लागते तिथे जो सांधा राहतो, त्यात तेलात भिजवलेला कापूस छिन्नीने ठोकून बसवायचा आणि वरून राळ भरायची, हे त्यांचं खास काम. एकदा त्यांनी सांधा भरला की होडीत समुद्राचा थेंब येत नाही. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात विडी नसेल, पण कापसाचा बोळा असतोच. चालता चालता कुणाच्या दाराच्या फटीत, कुणाच्या मोरीच्या भिंतीत कुठे उजेड दिसला की हात आपोआप खिशात जातो. आमच्या खिडकीच्या चौकटीतलं एक भोक त्यांनी असंच गप्पा मारता मारता बुजवलं. त्यातून आईची रेडिओची वायर यायची होती.

मी वाडीतल्या सगळ्यांच्या नकला करते; त्यांची करायला सोपी. हनुवटी छातीला लावायची, एक डोळा बारीक करायचा आणि प्रत्येक गोष्ट "मी काय म्हंतो" इथून सुरू करायची. पुढे ते काहीच म्हणत नाहीत. निम्म्या वेळेला "मी काय म्हंतो" म्हणून ते कामाला लागतात, आणि काय म्हणत होते ते काम झाल्यावर समोरच्याला कळतं.

कमळाकाकीची नक्कल मला जमत नाही. ती बोलते कमी आणि बघते जास्त. बाजारात सुकी मासळी विकत होती तेव्हा गिऱ्हाइकाला नुसती बघायची, आणि गिऱ्हाईक भाव पाडायचं विसरायचं. नाक मात्र तिचं जबर. सोड्यांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा, डबा बंद असला तरी त्यांना ओल लागलीय की नाही हे ती पलीकडच्या खोलीतून सांगते.

तर ही कमळाकाकी दोन वर्षांमागे धक्क्यावरच्या शेवाळावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. घरातल्या घरात ती काठी घेऊन हिंडते. बसायचं म्हटलं तर घटकाभर, मग आडवं व्हावं लागतं. एसटीची पायरी तिला चढता येत नाही, आणि कुणी उचलून चढवलीच तरी दिवसभर त्या बाकड्यावर बसणं शक्य नाही. होडीत उतरणं तर विसराच.

आणि तिची आई हर्णैला. सगुणाआजी. वय कुणी विचारलं तर आजी म्हणते, "मोजणारी सगळी गेली." डोळ्यांनी दिसत नाही. पूर्वी मुंबईची आगबोट रत्नागिरीला लागायची तशी हर्णैलाही लागायची, त्यामुळे काकी माहेरी जायची ती पाण्यावरून, गात-गप्पा मारत. बोटी बंद झाल्या. आता चिपळूण, खेड, दापोली असं सगळं कोकण पालथं घालून जावं लागतं. काकीचा भाऊ सखाराम दिवाळीत आला होता. जेवून उठताना म्हणाला, "ताय, आयेला आता कोण आलं, कोण गेलं कळत नाय. पण दार वाजलं की विचारते, कमळी आली काय." एवढं बोलून तो हात धुवायला गेला तो बराच वेळ हातच धूत राहिला.

 दुसऱ्या दिवसापासून काकी संध्याकाळी पडवीत बसायची ती समुद्राकडे पाठ करून बसायला लागली. हे आनंदाकाकांनी पाहिलं. त्यांनी "मी काय म्हंतो" म्हटलं आणि चपला घातल्या.

आता त्यांच्या डोक्यात काय होतं ते सांगते. गणपतीपुळ्याला नारळीखाली एक गोरं जोडपं येऊन राहिलं होतं. हिरवी गाडी, तिच्यातच बिछाना, तिच्यातच शेगडी, खिडकीला पडदा. देवाला आलेली माणसं देवाआधी गाडीला प्रदक्षिणा घालून जायची. काका तिथे एकाची होडी बघायला गेले असताना तासभर त्या गाडीपाशी बसून आले होते. गोऱ्याची भाषा काकांना येत नव्हती, काकांची गोऱ्याला. पण लाकूडकाम दोघांनाही कळत होतं, त्यामुळे भरपूर बोलणं झालं. "होडीला चाकं लावलीत गो," असं त्यांनी आल्यावर काकीला सांगितलं होतं. "निजायला फळी, खाली फडताळ, कोपऱ्यात गॅस. सगळं बेस. एवढंच की तळाला भोक ठेवलान. गॅसच्या खालीच. एवढी देखणी गाडी, पण सुतार काय बरा मिळाला नाय बापड्याला."

बर्फाच्या कारखान्याची मासळी वाहणारी एक म्हातारी मेटॅडोर कारखान्याच्या मागे उभी असायची. कारखान्याच्या मालकाच्या दोन होड्या काकांनी नव्यासारख्या करून दिल्या आणि बदल्यात मेटॅडोर घरी आणली. काकांचा मुलगा दत्ताराम त्याच कारखान्याचा ट्रक चालवतो, त्याने इंजिन बघितलं. दत्तारामविषयी मी जास्त लिहीत नाही. तो "हं" म्हणतो. नक्कल करणाऱ्याचा त्याच्यासारखा शत्रू नाही.

आणि काकांनी गाडी बांधायला घेतली. बांधायला म्हणजे अक्षरशः होडीसारखी. काकीला आडवं होता येईल अशी फळी, तिच्यावर काथ्याची गादी, कडेला हात धरायला दांडा. पायाशी ओटा, ओट्यावर गॅसची शेगडी, कारण काकीला दिवसातून तीनदा गरम पाण्याची पिशवी लागते आणि वाटेत कुणाच्या दारात पाणी तापवून मागणार. पत्र्याचा तळ सडायला आला होता, त्याच्यावर त्यांनी सागाच्या फळ्या घातल्या, आणि मग दिवसचे दिवस टॉक टॉक टॉक. प्रत्येक सांधा कापसाने भरला, राळ ओतली. दाराच्या फटी बुजवल्या. खिडक्यांना रबर लावलं. शेवटी त्यांनी काय केलं असेल तर गाडीत चार बादल्या पाणी ओतलं आणि खाली पाठीवर पडून बघत राहिले. थेंब गळला नाही. बाहेर येऊन म्हणाले, "बुडाली तरी तरंगंल."

"रस्त्यावर बुडणार कशी ती, काका?" मी विचारलं.

"बाय, पाणी वरनं येतं, खालनं येतं, कडेनं येतं. आपण तयारीत असावं."

गॅसचं कनेक्शन त्यांच्याकडे होतंच. नंबर लावून कैक वर्षांनी मिळालेलं. पण काकीने ते कधी वापरू दिलं नव्हतं. सिलिंडर आल्या दिवशी तिने त्याला हळदकुंकू लावलं आणि कोपऱ्यात बसवलं, तो तिथेच बसून होता. तिचं म्हणणं एकच. "चुलीचा जाळ दिसतो, धूर दिसतो, माणूस सावध होतं. हा मेला दिसत नाय." गाडीत गॅस बसवणार म्हटल्यावर ती गाडीकडे फिरकायची बंद झाली. काका म्हणाले, स्टोव्ह घेऊ, तर तिला रॉकेलने ढास लागते. म्हणजे गॅस नसेल तर पिशवी नाही, पिशवी नसेल तर काकीला प्रवास नाही, आणि गॅस असेल तर काकीच नाही. आणि तिकडे हर्णैला दार वाजलं की आजी विचारतेय.

"एकदा नुसती बसून तर बघ," काका रोज म्हणायचे. "उभ्या गाडीत. अंगणात. नाय आवडली तर मी कोंबड्या ठेवीन तिच्यात."

एका सकाळी काकी बसली. सिलिंडर काकांनी तोवर आत बसवून टाकला होता. काका आणि दत्ताराम यांनी खुर्चीसकट उचलून तिला आत ठेवली, मग ती फळीवर सरकली, आडवी झाली, पुन्हा उठून बसली. दांडा धरून बघितला. फळीवरून हात फिरवला. काकांनी तिच्या उशाशी एक छोटा कप्पा केला होता, पानाच्या डब्याच्या मापाचा. तो तिने उघडला, मिटला, परत उघडला. मी दारात उभी होते. मला वाटलं, झालं काम.

मग तिचं नाक हललं.

"वास येतोय."

"मासळीचा," काका म्हणाले. "इतकी वर्षं बांगडे वाहिलेत या गाडीनं. धुतली मी धुण्याच्या सोड्यानं, पण जातोय होय?"

"मासळीचा मला सांगू नका. मासळीचा वरनं येतोय. हा खालनं येतोय. सडक्या लसणीचा."

काका वाकले, हुंगले. त्यांना आयुष्यभर राळेच्या वासात राहून राहून दुसरं काही कळतच नाही. मी हुंगलं, मला फक्त बांगडे. काका म्हणाले, "मी काय म्हंतो," आणि ओट्यावरची काडेपेटी उचलली.

आता हे नीट ऐका, कारण मांडवीत निम्मी माणसं हेच करतात. नळी गळते का बघायला काडी ओढून नळीवर धरायची; जाळ दिसला तर गळते. काकांनी शेजारच्या दोघांना हे करताना बघितलं होतं आणि दोघंही अजून जेवत-खात आहेत, त्यामुळे त्यांना त्यात काही वाटत नव्हतं.

काकीने हात पुढे केला. "द्या मी धरते."

त्यांनी दिली. तिने ती घेतली आणि शांतपणे आपल्या खाली ठेवून तिच्यावर बसली.

"अगो, उठ."

"मला उठता येत नाय. खुबा मोडलाय माझा."

"आत्ता उठली होतीस की."

"आत्ता नाय येत."

काका कमरेवर हात ठेवून उभे. बायकोला हलवायचं तर खुर्ची आणायची, खुर्ची आणायची तर दत्ताराम पाहिजे, आणि दत्ताराम अंगणात "हं" म्हणून उभा. काकी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, दारं उघड सगळी. मागचं पण. आणि तो गॅसवाला आलाय आपल्या आळीत, त्याला हाक मार."

गॅसवाला म्हणजे रावजी. एजन्सीत मेकॅनिक आहे, कराडकडचा. इथे येऊन सात-आठ पावसाळे झाले तरी त्याची भाषा घाटाखाली उतरलेली नाही. आमच्या अख्ख्या आळीला त्याचं बोलणं ऐकायला आवडतं आणि त्याला आमचं, तो म्हणतो, "तुमी लोकं भांडताय का गाताय त्येच कळत न्हाई."

रावजीने आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "कुनी बिडी-काडी काय केली न्हाई न्हवं?"

"काडेपेटी हितं हाय," काकी बसल्या जागेवरून म्हणाली.

"तितंच ऱ्हावू द्या. लई झ्याक जागा हाय."

मग त्याने काकीला खुर्चीवरून बाहेर काढायला लावलं, फळीखालचं फडताळ उघडलं, आणि आत हात घालून रेग्युलेटर बंद केला. तिथे सिलिंडर आडवा होता. काकांनी त्याला गोणपाटात गुंडाळून, खाली काथ्या घालून, होडीत मालाची पेटी ठेवतात तसा पक्का आवळून ठेवला होता.

रावजीने त्याच्यावर बोटाने टकटक केलं. "काका, सिलिंडर झोपीवलाय व्हय?"

"उभा ठेवला तर लवंडतो वळणावर. तळाशी आडवं ठेवलं की गाडी स्थिर राहते."

"गाडी ऱ्हाईल थिर, तुमी न्हाई ऱ्हानार. आत गॅस पातळ असतोय पान्यावानी, आन् वर त्याची हवा. त्यो उभा असला की नळीत हवा येती. झोपला की पातळच नळीत शिरंल. शेगडीवर ह्यो एवडा जाळ." त्याने हात डोक्यावर नेला. "त्येला उभाच ऱ्हावू द्या, आन् पट्ट्यानं बांधा. त्यो काय दमत न्हाई."

साबणाचं पाणी त्याने आमच्याच घरून मागवलं. नळीवर फासलं. नळी जिथे फळीच्या कडेला घासत होती तिथे, आणि शेगडीपाशी जिथे काकांनी नळी आवळायची कडी लावायची सोडून सुतळी आवळली होती तिथे, फेसाचे फुगे येऊन फुटायला लागले. एकामागून एक, अगदी निवांत. आजूबाजूची पोरं बघायला जमली.  काकी जिथे आडवी झाली होती त्याच्या हातभर खाली ते फुगे येत होते.

"ह्ये बगा," रावजी म्हणाला. "अशीच बगायची असती गळती. काडी लावून बगनारा एकदाच बगतोय. नळी बदलू, कडी घालू. गाडी धक्कं खाती, म्हनून दर मुक्कामाला सांदं तपासायचं, आन् गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद म्हंजे बंद. पर त्ये ऱ्हाऊ द्या. मला ह्ये सांगा, गॅस जानार कुटनं?"

"जाणार कशाला?" काका म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा अभिमानच होता. "कुठनंच नाय जाणार. चार बादल्या पाणी ओतून बघितलंय मी."

रावजी खाली बसला. अंगणातल्या मातीवर त्याने बोटाने गाडी काढली. "काका, ह्यो गॅस हवेपरीस जड हाय. गळला की वर जात न्हाई. खाली बसतोय. तळाला. जमिनीवर पान्यावानी पसरतोय, साचतोय. दिसत न्हाई, पर साचतोय. घोट्याला, मग गुडघ्याला. तुमी खिडकी उगडी ठिवली तरी त्यो खाली तसाच. आन् वर काकी झोपलेल्या."

काकांनी हनुवटी छातीला लावली. एक डोळा बारीक केला. "मी काय म्हंतो" काही म्हणाले नाहीत. मातीतल्या चित्रावर बोट ठेवून ते हळूच म्हणाले, "होडीत पाणी साचतं तसं."

"अक्षी तसं."

"उपसता नाय येत?"

"दिसतच न्हाई तर उपसनार काय? त्येला खाली वाट करून द्या. तळाला भोक. गॅसच्या टाकीखाली एक, शेगडीखाली एक. उगडी. वर जाळी लावा उंदरासाठी, पर बुजवायचं न्हाई. आन् वरच्या अंगाला पन एक झरोका, जाळाच्या वाफेला."

होड्यांच्या सुताराला तळाला भोक पाडायला सांगणं म्हणजे काय, हे रावजीला ठाऊक नव्हतं. त्याच्या गावाला नदी आहे, समुद्र नाही. काका उठले, घरात गेले, पाणी प्यायले, परत आले, गाडीला एक चक्कर मारली. त्यांचे वडील ज्या होडीसकट गेले तिच्या तळाची एक फळी सुटली होती. हे आम्हां सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही. काकांनी तेव्हापासून एकही सांधा दुसऱ्याच्या हातून भरून घेतलेला नाही.

"त्या गोऱ्याचं भोक," ते मला म्हणाले, "मी म्हटलं सुतार वाईट."

मग त्यांनी हातात गिरमिट घेतलं, गाडीखाली सरकले, आणि तिथेच पडून राहिले. आवाज काही येईना. दत्ताराम वाकून बघून आला आणि नेहमीचं ते एक अक्षरसुद्धा बोलला नाही. रावजी म्हणाला, "म्या पाडू का?" त्यावर खालून "नको" असं आलं.

काकीने स्टूल गाडीच्या चाकापाशी ठेवायला लावलं. काठी टेकत तिथे जाऊन बसली. वाकता येत नव्हतं, म्हणून ती चाकाशीच बोलल्यासारखी बोलली.

"ऐकलंत काय. भोक पाडलंत तर मी बसते गाडीत."

गाडीखालून बाहेर आलेला काकांचा एक पाय हलला.

"गॅस असू दे. बसते. आयेकडं जाऊ."

मग खालून गिरमिट फिरल्याचा आवाज आला. आधी पत्र्याचा किस पडायला लागला, मग सागाचा पिवळा भुसा. काकी सांगत होती, "जरा इकडं घ्या, तिकडं चाक हाय." नळावरची बातमी निघाली ती इथून. बायका हंडे घेऊन जाता जाता बघून गेल्या, आणि थांबून विचारायला कुणाला वेळ नव्हता.

पुढच्या काही दिवसांत सिलिंडरला बाहेरून उघडणारं वेगळं कपाट झालं, त्यात तो उभा राहिला, काथ्याच्या दोरीने छातीशी आवळलेला. नवी नळी आली, कड्या आल्या. रावजी दोनदा येऊन साबण फासून गेला. त्याच्या साहेबाला असली गाडी पसंत पडली नसती, म्हणून येताना तो "वळखीच्यांकडं च्या प्यायला" येत असे. वर झरोका झाला. काकी रोज थोडा वेळ जाऊन आत बसायची आणि हुंगायची. एक दिवस म्हणाली, "आता नुसते बांगडे."

निघायच्या सकाळी सगळी वाडी अंगणात. रावजी पण आला होता, शिकवणी घ्यायला. "गाडी चालू, तवा?" "बंद," काकी म्हणाली. "पेटवायच्या आदी?" "दार उघडायचं, मग हुंगायचं, मग काडी." "थंडी वाजली म्हनून दारं लावून शेगडी चालू ठिवायची?" "पांघरूण हाय आमच्याकडं." रावजी माझ्याकडे वळून म्हणाला, "पास."

काका गाडीच्या तळाकडे सारखे वाकून बघत होते. त्यांचा उजवा हात खिशात होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, हातखंब्यापर्यंतसुद्धा नाही जाणार तुम्ही. त्याआधी बुजवाल."

"नाय बुजवणार."

"पैज."

"कसली?"

"बुजवलंत तर गणपतीत सगळ्या वाडीपुढे मी तुमची नक्कल करणार. तुम्ही पुढे बसायचं आणि हसायचं."

"आणि नाय बुजवलं तर?"

"तुम्ही म्हणाल ते."

काकांनी एक डोळा बारीक केला. "मी काय म्हंतो," ते म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढचं वाक्यही बोलले. "महिनाभर आपल्या आवाजात बोलायचं. माझा नाय, भागूबाईचा नाय, रावजीचा नाय. तुझा."

रावजी म्हणाला, "काका, तिला मराया घातली तुमी."

गाडी गेली. आठवडा गेला. मग एका संध्याकाळी हॉर्न वाजला, आणि काकीला खुर्चीवरून उतरवून होईपर्यंत मी गाडीखाली.

दोन्ही भोकं उघडी. लोखंडाच्या कडेला गंज चढू नये म्हणून तेल लावलेलं होतं. एवढंच.

हे कसं झालं ते काकीने सांगितलं, तिच्या त्या कमी शब्दांत. चिपळूणच्या पुढे एका पुलाचं काम चाललं होतं, म्हणून गाड्या खालच्या पऱ्यातून, ओढ्याच्या पाण्यातूनच, सोडत होते. पाणी फार नव्हतं, पण दत्तारामने जरा जोरात घातली, आणि तळाच्या भोकातून पाण्याचा फवारा वर आला. काकांचे पाय भिजले. "तोंड असं झालं जसा समुद्रच आत आला," काकी म्हणाली. त्यांनी खिशातून बोळा काढला. भोकापाशी बसले. काकी फळीवर आडवी होती, तिने फक्त बघितलं. गाडी पलीकडच्या काठाला लागली. आलेलं पाणी आलं तसं त्याच भोकातून खाली निघून गेलं, आणि फळी वाळायला लागली. काका बोळा हातात घेऊन ते बघत बसले. "खेड येईपर्यंत बघत होते," काकी म्हणाली.

हर्णैला घराची वाट उतरणीची, दगडी पायऱ्यांची. काकीला उतरता येईना. तेव्हा सखारामने आजीलाच पाठुंगळी घेतली आणि वर गाडीत आणून फळीवर बसवली. आजीने आधी फळी चाचपली, मग दांडा, मग काकीचा चेहरा. कपाळ, नाक, हनुवटी. म्हणाली, "बोट लागली काय गो?"

"लागली, आये."

"लाटा नाय आज."

"नाय. बरी आली."

मग काकीने दार उघडलं, हुंगलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः गॅस पेटवला. आईसाठी चहा केला. आलं घालून, आजीला लागतो तसा घट्ट. काकांच्या हातात तो बोळा अजून होताच. काय करावा ते सुचेना, म्हणून त्यांनी तो आजीच्या हातात दिला. आजीने त्याच्या वाती वळल्या. तीन मुक्काम गाडी तिथे उभी होती, आणि आजी दुपारची झोप गाडीत काढायची, काकीच्या शेजारी, दार उघडं टाकून. परत निघताना ती म्हणाली, "आता दार वाजलं तर विचारायचं कुणाचं?" तर सखाराम म्हणाला, "कमळीचंच. ती परत येईल."

जातील. शिमग्यानंतर जायचं ठरलंय.

 काकी थांबली तेव्हा काका माझ्याकडे वळले, हनुवटी वर करून म्हणाले, "बोल आता. तुझ्या आवाजात."

मी तोंड उघडलं आणि काय बोलावं ते कळेना. काकी हसायला लागली. तिला मी एवढं हसताना बघितलं नव्हतं. खुबा धरून हसत होती. दत्तारामसुद्धा हसला, आणि तो हसतो कसा हे मला आता महिनाभर करून दाखवता येणार नाही.

महिना अजून सरायचा आहे. भागूबाई येते, श्वास ओढते, मी ओठ चावून बसते. लिहून काढलं तर चालेल का, हे मी काकीकरवी काकांना विचारून घेतलं. त्यांनी थोडा विचार केला, म्हणाले, लिहिण्याची पैज लागली नव्हती.